सासूबाईंची नाचणी आणि माझी बिअर : प्रकल्प नोंदी

२ ऑगस्ट २०२५, शनिवार, पोर्टलंड, ओरेगन (अमेरिका)

नवीन प्रकल्प उघडतोय. नाचणीचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) घरी करायचं आणि त्यातून ४ लिटर पेल एल, म्हणजे फिकट रंगाची बिअर काढायची, शेवटाला अंगणातल्या वेलीचे ताजे कॅस्केड जातीचे हॉप्स, बिअरला कडूपणा आणि वास देणारी बोंडं. एरवी मी १९ लिटरचा बॅच लावतो पण नाचणी काय रंग दाखवेल त्याचा भरवसा नाही, म्हणून छोटा, फेकायची वेळ आली तरी जीव हळहळायला नको.

डोक्यात आलं ते असं की सासूबाई चिपळूणहून आल्यात, लेक आता वरचं खायला लागलीय, आणि त्यांनी आल्या आल्या फर्मान काढलं की ते डब्यातलं सिरियल बंद, नाचणीचं सत्त्व मी करते. परवा फोनवर बहिणीला कृती सांगत होत्या, धुवायची, रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, चोळून मोड झाडायचे, मंद भाजून दळायची. मी शेजारी ऑफिसच्या मीटिंगमध्ये म्यूटवर, आणि ऐकता ऐकता लक्षात आलं की माल्टिंग म्हणून मी जे फक्त वाचलंय आणि कधी हात लावायचं धाडस केलं नाही ते सगळं ही बाई आयुष्यभर परातीत करत आलीय. बार्लीचे माल्टवाले हेच करतात, भिजवा, मोड आणा, वाळवा, मुळं झाडा. फक्त शेवटचं भाजणं तेवढं वेगळं, त्यावरून वाद होणार हे आत्ताच दिसतंय.

नाचणीची बिअर काही माझा शोध नाही. नेपाळ-सिक्कीमकडे नाचणी आंबवून तोंगबा करतात, त्यावर गरम पाणी ओतून नळीने पितात, युगांडात पण नाचणीची बिअर एकाच मडक्यातून लांब नळ्यांनी सगळे मिळून पितात. मला मात्र हॉप्स घातलेली, बाटलीतली, फ्रिजमधून काढायची पाहिजे.

बीव्हरटनच्या देशी दुकानातून अख्खी नाचणी २ किलो आणली. किती जुनी आहे देव जाणे, म्हणून आधी १०० दाणे मोजून ओल्या टिश्यूत ठेवलेत. बायको म्हणाली मोजलेस खरंच? हो मोजले.

४ ऑगस्ट

१०० पैकी ९१ दाण्यांना मोड आले. चालतंय. पुढे.

६ ऑगस्ट

काल रात्री २ किलो भिजत घातली, मध्ये उठून पाणी बदललं. पाणी बदलायचं कारण नुसती स्वच्छता नाही, भिजलेला दाणा श्वास घेतो, एकाच पाण्यात बुडवून ठेवला तर गुदमरतो आणि आंबूस वास मारतो. सासूबाईंना हे कारण सांगितलं तर म्हणाल्या, "अहो कारण कशाला लागतंय, पाणी बदलायचं असतं म्हणून बदलायचं."

आज सकाळी निथळून फडक्यात बांधली. मी तळघरात ठेवणार होतो पण तिथे २० अंशच असतं, नाचणीला गरम पाहिजे, २५ ते ३० मध्ये मोड भराभर येतात. त्यांनी सरळ ओव्हनमध्ये ठेवली, ओव्हन बंद, आतला दिवा चालू. थर्मामीटर लावून बघितला तर २८. काही बोललो नाही. ओव्हनच्या बटणावर टेप लावून चिठ्ठी चिकटवलीय, नाहीतर रात्री कुणीतरी पिझ्झा लावायला जाईल आणि सगळं भाजून निघेल.

९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

दुपारी नारळीभात खाऊन सगळे आडवे झाले आणि मी नाचणी उपसत बसलो. मोड दाण्यापेक्षा लांब झालेत, मुळं एकमेकांत गुंतून नुसती चटई झालीय, हाताने सोडवावी लागली. यापुढे वाढवण्यात अर्थ नाही, दाणा स्वतःचाच स्टार्च खात बसतो आणि आपल्या वाट्याला टरफलं.

आणि मग अपेक्षित वाद. त्यांना अर्धं ऊन दाखवून थेट कढईत घ्यायची होती. मला भाजायची नव्हती. मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात, अमायलेज, स्टार्च तोडून त्याची साखर करणारे. आपण नाचणीला मोड आणतो ते त्यांच्याचसाठी. ओल्या दाण्याला एकदम मोठी आच दिली की ते मेले, मग उरतं फक्त खमंग पीठ. आधी ४५-५० च्या आत पूर्ण वाळलं पाहिजे. त्या म्हणाल्या, "भाजल्याशिवाय पोरीच्या पोटाला जड होईल, वासही कच्चट येईल." दोघांचंही बरोबर आहे, पोरीला पेज शिजवूनच द्यायची आहे आणि मला अजून शिजवायच्या आधी एन्झाइमकडून काम काढून घ्यायचंय.

तह झाला. अर्धी त्यांची, अर्धी माझी. त्यांची डेकवर जुन्या चादरीवर, ऑगस्टमध्ये इथे हवा चांगली कोरडी असते, वाळवणाला कोकणापेक्षा बरी असं त्या स्वतःच म्हणाल्या (हे लिहून ठेवतोय, पुन्हा ऐकायला मिळणार नाही). खारींवर नजर ठेवायला बायको. माझी डिहायड्रेटरमध्ये ४३ अंशावर रात्रभर.

११ ऑगस्ट

दोन्ही वाट्यांचे मोड चोळून पाखडून झाले. सूप नाही म्हणून स्टीलच्या ताटात पाखडली, गॅरेजभर मुळांचा भुसा. मुळं काढायची कारण ती कडवट लागतात. २ किलोची मिळून १.७ किलो उरली, बाकीचं काही भिजताना पाण्यात गेलं, काही दाण्याने मोड आणताना खाल्लं, आणि मुळं. बार्लीतही थोडी घट येतेच.

त्यांनी आपला वाटा मंद आचेवर भाजला तेव्हा घरभर जो वास सुटला तो घेऊन मी मुकाट कढईजवळ गेलो आणि ५० ग्रॅम मागून घेतली. बिअरमध्ये रंगाला आणि वासाला थोडं भाजकं माल्ट घालतातच, त्यात एन्झाइम नसले तरी चालतं. "आता बरी आठवण झाली भाजक्याची," इतकंच म्हणाल्या.

१६ ऑगस्ट

आज बरण्यांची चाचणी, या सगळ्यातला मला सगळ्यात आवडलेला दिवस.

प्रश्न असा आहे. एन्झाइम स्टार्च तोडतात, पण स्टार्च आधी पाणी पिऊन फुगलेला पाहिजे, कच्च्या घट्ट कणात ते शिरू शकत नाहीत. बार्लीचा स्टार्च ६०-६५ अंशाच्या आसपास फुगतो आणि एन्झाइमनाही तेवढंच तापमान मानवतं, म्हणून बार्लीचं काम सोपं, ६६ च्या पाण्यात टाका आणि तासभर गप्प बसा. नाचणीचा स्टार्च नीट फुगायला जास्त गरम लागतं, आणि तेवढं गरम केलं की साखर करणारं एक एन्झाइम, बीटा अमायलेज, जातं. म्हणजे फुगवायला जावं तर तोडणारा मरतो, तोडणाऱ्याला सांभाळावं तर फुगत नाही.

चार बरण्या, प्रत्येकी १०० ग्रॅम, ४०० मिली पाणी, सगळ्या सू-व्हीडच्या (पाणी ठरलेल्या तापमानाला धरून ठेवणारं यंत्र) पाण्यात ६६ ला तासभर. दाणा इतका बारीक की माझ्या बार्लीच्या मिलच्या रोलरमधून अख्खाच्या अख्खा खाली येतो, त्यामुळे मिक्सरला थांबवत थांबवत रवाळ केली. शेवटी पांढऱ्या बशीत प्रत्येकाचा थेंब आणि त्यावर आयोडीन, निळंकाळं झालं तर स्टार्च शिल्लक, आयोडीनचाच पिवळट रंग राहिला तर काम झालं.

पहिली, साधी मोड न आणलेली नाचणी. निळीकाळी, रिफ्रॅक्टोमीटरवर (रसातली साखर मोजायचं यंत्र) जेमतेम २ ब्रिक्स, म्हणजे साधारण २ टक्के साखर. दुसरी, मोडाची नाचणी सरळ ६६ ला. जांभळी, ७ ब्रिक्स, म्हणजे काम झालंय पण अर्धवट. तिसरी, मोडाची नाचणी आधी ५० अंशाच्या पाण्यात अर्धा तास, एन्झाइम पाण्यात उतरतात, मग वरचं निवळ पाणी काढून बाजूला ठेवलं, खालचा गाळ शिजवून चांगली पेज केली, ६६ पर्यंत थंड करून ते निवळ पाणी परत घातलं. तांबूस पिवळा, १२ ब्रिक्स! चौथी, ४० ग्रॅम मोडाची नाचणी शिजवून त्यात ६० ग्रॅम बार्लीचं माल्ट. स्वच्छ पिवळा, १४.

तिसरीकडे बघत बराच वेळ उभा होतो. घट्ट पेज होती, ते पाणी घातल्यावर डोळ्यांसमोर पातळ झाली. सासूबाई मागून बघत होत्या, म्हणाल्या मोडाच्या सत्त्वाची खीर पातळच राहते, म्हणून तर बाळाला देतात, तेवढ्याच वाटीत जास्त सत्त्व बसतं. बाळाच्या वाटीतही तोच अमायलेज. घट्ट झालं की बाळ गिळत नाही, पातळ करायला पाणी घालावं तर पोटात काही जात नाही, मोड आणलेली असली की पीठ जास्त घालूनही पातळ राहतं.

आता कुणी म्हणेल चौथ्या बरणीत बार्लीचे एन्झाइम पुरतातच, मग नाचणीला मोड आणायचा खटाटोप कशाला. मी पण हा विचार केला. पुरतात, खरं आहे, साधी नाचणी शिजवून घातली तरी साखर होईल. पण मोडाच्या दाण्यात यीस्टला लागणारं नायट्रोजन मोकळं झालेलं असतं, पेज ढवळताना हात मोडत नाही, आणि चव, दोन्ही पेज चमच्याने चाखून बघा, मोडाची कितीतरी गोड आणि भरलेली. ठरलं, तिसरी आणि चौथी एकत्र करायची.

२३ ऑगस्ट

छोटी कामं. माझी जुनी ब्रू बॅग, धान्यातून रस गाळायची पिशवी, उसवलीय. सासूबाई म्हणाल्या पंचा घ्या, पण सुती कापडाची वीण घट्ट, नाचणीच्या पिठाने लगेच बुजेल. शेवटी पडद्याचं जाळीदार पॉलिएस्टर आणलं आणि त्यांनी तासाभरात बॅग शिवून दिली, कडेला दुहेरी शिवण, वर नाडी. विकतच्यापेक्षा मजबूत आहे. कशासाठी शिवतोय हे त्यांना पक्कं माहीत होतं, तरी शिवताना दोनदा विचारलं, "पण इथे चालतं का हे? पोलीस बिलिस?"

चालतं. १९७८ साली जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरी बिअर करायला केंद्राची परवानगी मिळाली, घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००, विकायची मात्र नाही. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांत तर थेट २०१३ ला मोकळीक मिळाली. आणि दारू गाळणं, म्हणजे आपली हातभट्टी, ती इथेही गुन्हाच. तिकडे महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा, परवान्याशिवाय घरी असलं काही करायची सोयच नाही. त्यांना यातलं "हातभट्टी नाही" एवढंच पटलं आणि आता चिपळूणला फोनवर तेच सांगतायत, जावई करतो ती हातभट्टी नव्हे.

हॉप्सचा वेल छताच्या पन्हळीपर्यंत पोचलाय, दोरीला घड्याळाच्या दिशेनेच गुंडाळत जातो, उलटा वळवून बघा, दुसऱ्या दिवशी सोडवून घेतलेला असतो. कॅस्केड ही जात इथलीच, कॉर्व्हॅलिसला तयार झालेली, १९७२ ला बाजारात आली. बोंडं अजून ओलसर आहेत, दाबली की दबलेलीच राहतात. कागदासारखी चुरचुरली आणि आतली पिवळी पूड बोटाला चिकटून वास द्यायला लागली की काढायची. अजून आठवडा तरी.

३० ऑगस्ट

बोंडं तयार आहेत. मी तयार आहे. पण घरात गणपती आहेत, उद्या गौरी येणार, मंगळवारी विसर्जन. स्वयंपाकघर सासूबाईंच्या ताब्यात, शेगडीवर मोदकपात्र. विचारायचीही हिंमत केली नाही. वेलीवर हॉप्स थोडे थांबतात, तोडल्यावर मात्र थांबत नाहीत, दिवसभरात वापरले नाहीत तर तापून काळवंडतात.

६ सप्टेंबर, शनिवार, ब्रू डे

सकाळी ७ ला वेलीखाली. शिडी, बादली, पूर्ण बाह्यांचा शर्ट, कारण वेलीला बारीक काटेरी लव असते आणि हातावर वळ उठतात. यंदा ७०० ग्रॅमच्या आसपास ओले हॉप्स निघाले. ओल्या हॉप्समध्ये बहुतेक पाणीच असतं, वाळल्यावर साधारण पाचवा हिस्सा उरतो. बॅचला ६० ग्रॅम ठेवले, बाकीचे खिडकीच्या जाळीवर पंख्याखाली.

शेजाऱ्यांचा कुत्रा वास घेत कुंपणाशी आला तेव्हा त्याला लांब केलं. हॉप्स कुत्र्यांना विषारी, अंगात प्रचंड ताप चढून जीव जाऊ शकतो, वापरलेले हॉप्सही तसेच. कंपोस्टमध्ये उघड्यावर टाकत नाही मी, कचऱ्याच्या बंद डब्यातच.

रेसिपी : बार्लीचं पेल माल्ट ६०० ग्रॅम, नाचणी माल्ट ३५० ग्रॅम, सासूबाईंची भाजकी ५० ग्रॅम, पाणी एकूण ६ लिटर. पोर्टलंडचं नळाचं पाणी बुल रनचं, माउंट हूडच्या बाजूचं, इतकं मऊ की खनिजं जवळजवळ नाहीतच, म्हणून जिप्सम आणि कॅल्शियम क्लोराइड १-१ ग्रॅम. वर त्यात जंतू मारायला घातलेलं क्लोरामाइन असतं, ते नुसतं उकळून पटकन जात नाही आणि राहिलं तर बिअरला दवाखान्यातल्या बँडेजचा वास येतो. कॅम्पडेनच्या गोळीचा कपचा टाकला, काम झालं.

नाचणी २ लिटर पाण्यात ५० अंशावर अर्धा तास. वरचं निवळ ७०० मिली काढलं, रंगाने फिकट चहा. उरलेलं १५ मिनिटं शिजवलं, हात न थांबवता, कारण तळाला धरलं की सगळ्या बिअरला करपा वास. बाकीचं पाणी घालून ६६ वर आणलं, बार्ली, निवळ पाणी आणि मूठभर तांदळाची टरफलं. टरफलं अशासाठी की नाचणीला बार्लीसारखं जाड टरफल नसतं, पातळ सालच असते, नुसता लगदा बसतो आणि त्यातून रस गळत नाही. भांड्याला ब्लँकेट गुंडाळून तासभर.

नंतर बॅग उचलून नळाला चक्का टांगतात तशी टांगली. रस यायला वेळ लागला पण आला. आयोडीन पिवळं.

तासभर उकळी. सुरुवातीला मॅग्नम हॉप्स ३ ग्रॅम, अल्फा (कडूपणा देणारं आम्ल) १२ टक्के, म्हणजे साधारण २२ आयबीयू (कडूपणाचं माप). कडूपणाला विकतचेच हॉप्स घेतो कारण अंगणातल्यांचं अल्फा किती ते प्रयोगशाळेत दिल्याशिवाय कळत नाही, ते वासाला. आच बंद करताना ६० ग्रॅम कॅस्केड. भांडं हिरवंगार, लिंबाच्या सालीचा आणि नुकत्याच कापलेल्या गवताचा वास, वाळवलेल्या हॉप्समध्ये हा गवताचा भाग नसतो. सासूबाई नाकाला पदर लावून आल्या, मग पदर काढला, वास घेतला आणि काही न बोलता गेल्या.

बर्फाच्या पाण्यात भांडं ठेवून १९ अंशापर्यंत थंड. ओजी, म्हणजे आंबण्याआधीची घनता, १.०४३. यूएस-०५ यीस्ट ३ ग्रॅम. रंग अपेक्षेपेक्षा लाल, नाचणीच्या सालीचा. संध्याकाळपर्यंत भांडी घासत होतो, या छंदात तीन चतुर्थांश वेळ घासण्यातच जातो आणि ते व्हिडिओवाले कधीच दाखवत नाहीत.

७ सप्टेंबर

एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी झाकणातली नळी) बुडबुडतोय, वर तपकिरी फेस.

बॅगेतला चोथा फेकायचा नाही असा वटहुकूम निघाला. त्याचं थालीपीठ. बार्लीची टरफलं घशाला टोचतात म्हणून मिक्सरमधून बारीक फिरवून थालीपिठाच्या भाजणीत चौथा हिस्साच घातला, कांदा, मिरची, कोथिंबीर. लोणी भरपूर. तांदळाची टरफलं तोंडात येत होती, पुढच्या वेळी ती वेगळ्या पुरचुंडीत बांधून घालेन. बाकीचा चोथा फ्रीझरला.

१३ सप्टेंबर

घनता १.०११ वर आली. नमुना चाखला, कोमट आणि सपाट पण सल्फर नाही, आंबट नाही. किंचित तुरट. नाचणीच्या सालीत टॅनिन असतं, ते असणारच.

२० सप्टेंबर

बुधवारी १.०१०, आजही १.०१०, म्हणजे थांबलं. हे दोनदा बघायचंच, साखर शिल्लक असताना बाटली बंद केली तर दाब वाढून काच फुटते. १.०४३ वरून ३३ पॉइंट पडले म्हणजे अल्कोहोल (एबीव्ही) ४.३ टक्क्यांच्या आसपास.

फेसासाठी साखरेऐवजी कोल्हापुरी गूळ २७ ग्रॅम, थोड्या पाण्यात उकळून. गुळात निव्वळ साखर थोडी कमी असते म्हणून वजन थोडं जास्त. स्टार सॅन या जंतुनाशकाचं पाणी करून बाटल्या, झाकणं, नळी सगळं बुडवलं. दहा बाटल्या भरल्या, तळाचा चिखल सोडून दिला. झाकणं दाबायचं काम बायकोने केलं, तिला ते फार आवडतं. पेटी तळघरात.

४ ऑक्टोबर

दसरा झाला, आज पहिली बाटली उघडली. नीट फिस्स झालं. फेस पांढरा नाही, फिकट बदामी, आणि टिकतो. रंग तांब्याचा, थोडी गढूळ. वास आधी संत्र्याची साल, मग तो हिरवा गवताळ वास, आणि ग्लास थोडा तापल्यावर मागून भाजक्या पिठाचा. ते ५० ग्रॅमचं काम. चव कोरडी, शेवटी जिभेवर तुरट. पहिल्या ग्लासला तो तुरटपणा आवडतो, दुसऱ्याला जरा जास्त वाटतो.

नाचणीची म्हणून वेगळी ठळक चव येते का? खरं सांगायचं तर नाही. नाचणी घातलीय हे माहीत नसलेल्या मित्राला दिली तर म्हणाला रेड एल आहे का. हल्ली मिलेट घातलं की काहीही सुपरफूड म्हणून खपवतात, तसलं लेबल मी लावणार नाही, बिअर ती बिअर. त्यानेच विचारलं ग्लुटेन-फ्री का, तर नाही, ६० टक्के बार्ली आहे. ग्लुटेन-फ्री पाहिजे तर सगळी नाचणीच घ्यायला लागेल, तिसऱ्या बरणीच्या पद्धतीने.

सासूबाई पीत नाहीत. ग्लास हातात घेऊन उजेडात धरला, वास घेतला, म्हणाल्या, "भाजकी नाचणी कळतेय. पण एवढं चांगलं सत्त्व काढून वर कडू कशाला करता?" उत्तर सुचलं नाही. म्हटलं आई, हॉप्सने टिकते. "मग फ्रिज कशाला आहे?"

१२ ऑक्टोबर

पुढच्या बॅचसाठी : नाचणी ४० वरून ३० टक्के, तुरटपणा तेवढ्याने खाली येईल असा अंदाज. भाजकी ५० वरून ८० ग्रॅम. टरफलं पुरचुंडीत. हॉप्स आता वाळवलेले, व्हॅक्यूम करून फ्रीझरमध्ये १२० ग्रॅम आहेत.

सासूबाईंचं परतीचं तिकीट नोव्हेंबरचं. त्याआधी अजून ३ किलो नाचणी मोडाला घालायची ठरलीय आणि यावेळी वाटणी कशी करायची त्यावर बोलणी चालू आहेत, त्या दोन किलो पोरीला म्हणतायत, मी दीड-दीड म्हणतोय. ओव्हनवरची चिठ्ठी अजून तशीच आहे, बटणाची टेप तेवढी बदलायला हवी.